रॉकेलवर बंद केलेली मोटर

दोन वर्षांपूर्वी मी याच ब्लॉगवर सोमशिलेबद्दल लिहिलं होतं. कृष्णेचं निळं पाणी, काठावर तळून मिळणारे मासे, हैदराबादहून एका दिवसात जाऊन या, असलं सगळं. ती पोस्ट वाचून तुमच्यातले बरेच जण जाऊन आलात आणि मला फोटोही पाठवलेत. आता त्याच जागेबद्दल पुन्हा लिहिते आहे, पण या वेळी मजेचं काही नाही. ज्यांना फक्त रस्ता आणि जेवण हवं आहे त्यांनी जुनी पोस्ट काढावी, दोन्ही जसंच्या तसं आहे.

झालं असं की दिवाळीत माझे बाबा त्यांच्या नल्लकुंट्याच्या घरी ती पोस्ट वाचत बसले होते. लिहून दोन वर्षं झाल्यावर वाचत होते, कारण लेकीचं लिखाण आमच्या घरी कुणी वाचत नाही, हा माझा जुना राग आहे. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. हात थरथरतात, त्यामुळे टॅब मीच धरला होता. बोटवाल्याच्या फोटोवर आले आणि तिथेच थांबले.

"हा कोण गं?"

"नर्सिमलू. बोट चालवतो. चांगला माणूस आहे."

"त्याच्या बापाचं नाव काय?"

आता बोटवाल्याच्या बापाचं नाव मला कुठून ठाऊक असणार? पण बाबा हटूनच बसले. शेवटी मी नर्सिमलूला फोन लावला, बोट हवी आहे असं सांगून हळूच विचारलं. तो म्हणाला, बालय्या. मी बाबांना सांगितलं. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला माझ्या घरी तारनाक्याला फोन आला, "मला तिथं घेऊन चल. हात-पाय चालताहेत तोवर."

त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की लांबचा प्रवास नको. थंडी होती, मला शाळेतून रजा मिळत नव्हती, करता करता संक्रांत उलटली. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही निघालो.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. आरामघर, शमशाबाद, शादनगर, जडचर्ला हा हायवे आहे आणि छान आहे. जडचर्ल्याला हायवे सोडून नागरकर्नूलच्या अंगाला वळायचं, तिथून कोल्लापूर, मग सोमशिला. साडेचार तास धरा, वयस्क माणूस बरोबर असेल तर साडेपाच. कोल्लापूरनंतर रस्ता अरुंद आहे, समोरून उसाचा किंवा विटांचा ट्रॅक्टर आला की कडेला उतरावं लागतं. गावाआधी शेवटचा बरा पेट्रोल पंप कोल्लापूरलाच आहे.

जडचर्ल्याच्या अलीकडे आम्ही इडली-वड्याला थांबलो. बाबांना इडली चमच्यानं खाता येत नव्हती, मी भरवायला लागले तर रागावले. "मी काय तान्हा आहे काय?" मग चटणी शर्टावर सांडली. मी पुसली. आणि तिथे, त्या स्टीलच्या टेबलाशी, त्यांनी मला चाळीस वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली.

धरणाचं पाणी नुकतं भरलं होतं तेव्हाची. बाबा एका सरकारी खात्यात पाण्याची खोली मोजायच्या कामावर होते. तंबूत राहायचे, महिन्यातून दोनदा हैदराबादला यायचे. त्यांच्या हाताखाली सोमशिलेकडचा बालय्या नावाचा माणूस होता. बोटीला मागे लावायची मोटर होती, रॉकेलवर चालणारी. या मोटरची एक रीत असते. सुरू करायची पेट्रोलवर, तापली की रॉकेलवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी परत दोन मिनिटं पेट्रोलवर आणायची. तसं नाही केलं तर आत रॉकेल भरून राहतं, आणि मोटर गार झाल्यावर कितीही दोरी ओढा, सुरू होत नाही.

"ही रीत बालय्याला मीच शिकवली होती," बाबा म्हणाले. "पण त्या दिवशी मोटर मी बंद केली. शेवटची बस निघू लागली होती. काठाला लागलो, खटकन बंद केली आणि पळालो. रॉकेलवरच."

दुसऱ्या दिवशी दुपारी बालय्या एकटाच पाणी मोजायला गेला. मोटर आदल्या दिवशी कशी बंद झाली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वेकडे एक खडकांची रांग आहे. तिथपर्यंत तो मोटर न लावताच, वल्ह्यानं आणि बांबूनं गेला असावा, जाताना वारा पाठीशी असतो. परत येताना वारा अंगावर होता आणि मोटर लागेना. बोट खडकावर आपटून फुटलेली सापडली. बालय्या तिसऱ्या दिवशी सापडला.

"तुम्हाला कसं कळलं मोटरचं?"

"मोटर वर काढली तेव्हा मीच उघडली. दोरी ओढून ओढून तुटली होती. आणि आत," बाबांनी हातातली वाटी खाली ठेवली, "आत रॉकेल होतं, वृंदा."

मी बिल दिलं. दोघांनी कॉफी घेतली. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "मी त्याच्या पोराला सांगायला चाललो आहे. मध्ये बोलू नको." मी नाही म्हणाले नाही. माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं, की एवढी घाई करून हे पकडत काय होते? शेवटची बस कशासाठी? विचारायचा धीर झाला नाही.

सोमशिलेला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. देवळापाशी गाडी लावता येते. ललितासोमेश्वराचं हे देऊळ जुन्या गावातून दगड न् दगड उचलून वर आणून बांधलेलं आहे, जुनं गाव पाण्याखाली गेलं. घाटाच्या पायऱ्या उतरताना वयस्कांना जपा, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. मासे आधी सांगून ठेवावे लागतात. मी सांगितले होते, पण त्या दिवशी ते कुणीच खाल्ले नाहीत.

नर्सिमलू घाटावर उभा होता. बेचाळीस-चव्वेचाळीसचा, रुंद हाताचा, कमी बोलणारा. माझ्याशी तो आपल्या हैदराबादी दखनीत बोलतो, बाबांशी तेलुगूत बोलला. ते तेलुगू मी इथे मराठीत देते आहे. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. त्याला वाटलं म्हातारबुवांना नीट दिसत नसेल. त्यानं हात धरून त्यांना बोटीत बसवलं.

मागच्या वेळी त्याच्याकडे डिझेलची बोट होती. आता समुद्राकाठच्या कोळ्यांकडून जुनी मोटर आणून कालच लावली होती. झाकणावर हळद-कुंकू, दांड्याला लिंबू-मिरची. मोटरशेजारी दोन टाक्या, एक लहान, एक मोठी. बाबांचं लक्ष त्या टाक्यांवरच होतं.

"ही रॉकेलची आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सार. पेट्रोल परवडत नाही." रॉकेल आता कुठून मिळतं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तासाचे बाराशे ठरले.

"पूर्वेच्या खडकांकडे घे," बाबा म्हणाले.

नर्सिमलू माझ्याकडे वळला. "मेडम, उदर जाको क्या करते? उदर कुछ नै, खाली पत्थर हैं. इस टाइम पे हवा उठती."

मी म्हटलं, "ले चलो." यात चूक माझीही आहे. स्थानिक माणूस नको म्हणतो तिथे जाऊ नये, हे मीच जुन्या पोस्टमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पाऊण तास लागला. पाण्यावर ऊन इतकं होतं की डोळे उघडवत नव्हते. डोंगर दोन्ही बाजूंनी लांब सरकत गेले आणि पाणी रुंद झालं. मग काळे खडक दिसले, माणसाच्या उंचीचे, एका ओळीत. थोडं अलीकडे बाबांनी हात वर केला. नर्सिमलूनं मोटर बंद केली आणि दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडला. तळ लागला की नाही कोण जाणे.

बाबा खडकांकडे बघत बसले. मी वाट पाहत होते. त्यांचे ओठ दोनदा हलले, शब्द आला नाही. नर्सिमलूनं डबा उघडून भात खाल्ला, हात धुतले, बिडी ओढली. अर्धा तास गेला असेल. वाऱ्याची एक झुळूक आली, मग दुसरी आली ती थांबलीच नाही. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "चला परत." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर टाळली. पाच तासांचा रस्ता आणि चाळीस वर्षं, आणि शेवटी चला परत. मला चीड आली, खोटं कशाला सांगू.

नर्सिमलूनं दगड वर घेतला आणि मोटरची दोरी ओढली. घर्रर्र. काही नाही. पुन्हा ओढली. पाचव्यांदा, दहाव्यांदा. त्याच्या मानेवर घाम आला. बोट हळूहळू आडवी होऊन खडकांकडे सरकायला लागली.

"नै होरा," तो पुटपुटला. "सुबे तो एकीच खींच में हुई थी."

"थांब," बाबा म्हणाले. आवाज एकदम वेगळा. हा आवाज मी लहानपणी ऐकला असेल, नंतर कधी नाही. "ओढू नको. आधी बंद करायच्या बटणाची ती लाल दोरी बघ, नीट अडकली आहे?"

अडकली होती.

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू?"

उघडा होता.

"रबरी फुगा दाब. कडक लागतो?"

"कडक आहे सार."

"म्हणजे तेल येतंय." बाबा थांबले. मला वाटलं धाप लागली. मग त्यांनी विचारलं, "आत्ता बंद कशावर केलीस?"

"रॉकेलवर."

"पेट्रोलवर आणली नाहीस?"

"कशाला आणायची? बंदच करायची होती." नर्सिमलू खरोखर गोंधळला होता. सकाळी मोटर लगेच लागली, कारण ज्याच्याकडून घेतली त्यानं ती आदल्या दिवशी नीट बंद करून दिली होती. नर्सिमलूला ही रीत कुणी सांगितलीच नव्हती. "मला कोण शिकवणार सार? बाप मी चार वर्षांचा असतानाच गेला."

बाबांनी डोळे मिटले. बोट खडकांपासून दहा-बारा हातांवर होती. मी बांबू घेऊन पुढच्या टोकाला गेले, पाणी खोल होतं, बांबू तळाला टेकत नव्हता, म्हणून तो सरळ खडकावरच टेकवून जीव खाऊन दाबून धरला. मागे बाबा सांगत होते. त्यांच्या बोटांत पाना धरायची ताकद नव्हती, म्हणून ते फक्त सांगत होते आणि नर्सिमलू करत होता. रॉकेलचा कॉक बंद कर. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोड, सगळं वाहून जाऊ दे. हल्लू, स्क्रू पाण्यात पडला तर संपलं. आता दोन्ही प्लग काढ, पूस. कोरड्या फडक्यानं, लुंगीनं नको. प्लग बाहेर असतानाच चार वेळा ओढ. आता बसव. पेट्रोलचा कॉक उघड. चोक ओढ. आता.

पहिल्यांदा खोकली. बांबू माझ्या हातात कडकडला. दुसऱ्यांदा लागली.

नर्सिमलूनं बोट फिरवली आणि खडक मागे पडले. मी खाली फळीवरच बसले. आणि तेव्हा, मोटर भडाभडा चालू असताना, बाबा बोलले. ते खालच्या आवाजात बोलले, नर्सिमलूला ऐकूच गेलं नाही.

"काय सार?"

बाबा पुन्हा बोलले. मोटरच्या आवाजात पुन्हा विरलं. त्यानं कान पुढे केला, हसला देखील, मोटर लागली म्हणून खूश होता. मग बाबांना ओरडावं लागलं. जे त्यांना चाळीस वर्षं कुजबुजता आलं नव्हतं ते त्यांनी भर पाण्यात ओरडून सांगितलं.

"तुझ्या बापाची मोटर मी बंद केली होती! आदल्या दिवशी! रॉकेलवर! मी!"

नर्सिमलूचा चेहरा तसाच राहिला. फक्त हसू गेलं. तो समोर पाहत बोट चालवत राहिला. मग त्यानंही ओरडून विचारलं, "आणि दारूचं काय?"

मला काही कळेना. मी बाबांकडे पाहिलं. हे त्यांनी इडलीच्या टेबलावर सांगितलं नव्हतं.

"सरकारी कागदावर लिहिलं होतं, बालय्या दारू प्यायला होता," नर्सिमलू म्हणाला. "त्यामुळे आईला काही मिळालं नाही. माझा बाप कल्लू, साधी ताडी प्यायला तरी ओकायचा. आई सगळ्यांना सांगायची. कुणी ऐकलं नाही. गावानं मला लहानपणापासून दारुड्याचा पोरगा म्हटलं. ते कुणी लिहिलं?"

"साहेबांनी लिहिलं," बाबा म्हणाले. "त्यावर सही माझी आहे. मी गप्प बसलो. माझी नोकरी गेली असती."

"आईला सांगायचं होतं ना."

"आता सांगतो. तिच्याकडे घेऊन चल मला."

"मागच्या उन्हाळ्यात गेली," नर्सिमलू म्हणाला.

मला बाबांचा राग आला, इतका की त्यांच्या अंगावर शाल घालायचं सुचलं नाही. ते वाऱ्यात कुडकुडत बसले होते. शेवटी शाल नर्सिमलूनं दाखवली, "मेडम, सार को थंडी लगरी." मला लाज वाटली.

काठाला लागलो. त्यानं मोटर बंद केली नाही. रॉकेलचा कॉक फिरवला, पेट्रोलचा उघडला आणि उभा राहिला. आम्ही बसून राहिलो. आवाज हळूहळू बदलला, हलका झाला. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. तेव्हा बंद केली.

ठरलेले पैसे त्यानं घेतले. बाबांना हात देऊन उतरवलं. मग म्हणाला, "सार, लिहून द्या. जसं ते लिहिलं होतं, तसंच हे लिहून द्या. सही करून."

परतताना बाबा झोपले किंवा झोपल्यासारखे पडून राहिले. जडचर्ल्याला चहालाही उतरले नाहीत. नल्लकुंट्याला घरी पोचल्यावर मी त्यांना खाटेवर निजवलं, गोळ्या दिल्या आणि तारनाक्याला न जाता तिथेच राहिले. सकाळी उठून पाहते तर ते टेबलाशी बसलेले, समोर कोरे कागद.

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ऐकेनात. "त्या कागदावर माझ्या हातची सही होती. हाही माझ्याच हातचा पाहिजे." इंग्रजीत लिहिलं, कारण तो कागद इंग्रजीत होता. अक्षरं वेडीवाकडी, एक ओळ दुसरीवर चढलेली. रोज थोडं लिहायचे, फाडायचे. पाच दिवस लागले. मी त्याखाली तेलुगू अर्थ एका शेजाऱ्याकडून लिहून घेतला आणि रजिस्टरनं पाठवला.

त्या पाच दिवसांत मी जुना अल्बम काढला. माझ्या बोरन्हाणाचा फोटो आहे त्यात, चौथ्या वर्षीचा. आमच्याकडे मूल पाच वर्षांचं होईतो संक्रांतीनंतर करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतताहेत आणि मी तोंड वासून रडते आहे. मागे बाबा उभे आहेत, हसताना. त्या काळातल्या माझ्या फोटोंमध्ये ते फारसे नसतात, तंबूत असायचे. या फोटोत आहेत. आईनं मागे तारीख घातली आहे, बाबांच्या कागदात बालय्याची आहे तीच. मी तो बाबांपुढे धरला आणि विचारलं, "शेवटची बस ही होती का?"

त्यांनी फोटो हातात घेतला. "तू फार रडलीस त्या दिवशी," ते म्हणाले. "मला वाटलं बोरं लागली."

हा फोटो आता मी कुठे ठेवू, हे मला कळत नाही. मी चार वर्षांची होते, नर्सिमलूही चार वर्षांचा होता. माझ्या डोक्यावरून बोरं पडत होती तेव्हा त्याचा बाप दोरी ओढत होता.

वीस दिवसांनी नर्सिमलूचा फोन आला. कागद मिळाला, म्हणाला. गावातल्या मास्तरांकडून आईच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचून घेतला, चार लोकांना बोलावून. "सार को बोलो, अब आना नक्को." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

बाबा खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. "माफ केलं म्हणाला का?"

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण या घरातून एक खोटं आधीच गेलं होतं.

"तसं नाही म्हणाला, बाबा."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

आता नेहमीप्रमाणे जाणाऱ्यांसाठी. खर्च दोघांचा, पेट्रोल, टोल आणि बोट धरून, साडेपाच हजारांच्या आत होतो. हिवाळ्यात जा, दुपारी बारानंतर पूर्वेकडे जाऊ नका. बोट नर्सिमलूचीच घ्या. माझी एक मैत्रीण मागच्या महिन्यात जाऊन आली. ती सांगत होती, काठाला लागल्यावर तो मोटर लगेच बंद करत नाही, दोन मिनिटं तशीच भडभडत ठेवतो. हिनं विचारलं, कैकू? तर म्हणाला, "ऐसा नै किये तो आदमी मर जाता, मेडम." तेवढी दोन मिनिटं बसून राहा. उतरायची घाई करू नका.